ट्यूनिंग कोणतं करू, की इकून टाकू? पांढरकवड्याच्या भावाचं पत्र

या वेळचं पत्र पांढरकवड्याजवळच्या एका खेड्यातून आलंय. पत्र लांब आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो.

"भाऊ, माझे मोठे काका यवतमाळले डॉक्टर होते. त्यायची मर्सिडीज, ई २२० सीडीआय, २००७ ची, डिझेल, ऑटोमॅटिक. मागच्या वर्षी काका गेले, काकूनं चाबी माझ्या हातात देली. गाडी २ लाख ४१ हजार किलोमीटर चालली हाये आन् वर्षभर आमच्या टीनाच्या शेडात उभी होती. आता चालू केली त पिकप नाही, चढावर काळा धूर सोडते, सकाळी इंजिनातून फुस-फुस आवाज येते, खराब रोडवर समोरून खडखड वाजते, दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरले झटका मारते, आन् एसी लावून गावातून नेली की टेम्परेचरचा काटा शंभराच्या वर जाते. एक मिस्त्री म्हणते हाफ इंजिन खोला आन् चारही इंजेक्टर बदला, दोन लाख लागन. दुसरा म्हणते चिप टाकून ट्यूनिंग करून देतो, उडंल गाडी. तिसरा म्हणते भंगारात द्या. काकायनं या गाडीले लय जपलं होतं भाऊ. ट्यूनिंग कोणतं करू, का इकून टाकू?"

भाऊ, पहिले एक गोष्ट मनात पक्की करा, इंजिन खोलायचं नाही, चिप टाकायची नाही आणि विकायचीही नाही. म्हणजे कमीत कमी अजून दोन महिने तरी नाही. तुम्ही जे सहा त्रास लिहिले ना ते वाचून मला एकही असा दिसला नाही की ज्याच्यासाठी आजच्या आज इंजिन उघडावं लागंल, उलट सहाच्या सहा त्रास असे आहेत की ज्यांची कारणं इंजिनच्या बाहेर असू शकतात आणि बहुतेक वेळा बाहेरच असतात.

२ लाख ४१ हजार हा आकडा पाहून लोक घाबरतात. ग्रीसमध्ये थेसालोनिकी शहरात एक टॅक्सीवाला होता, त्यानं १९८१ मध्ये जुनी मर्सिडीज २४० डी घेतली तेव्हाच ती सव्वादोन लाखाच्या आसपास चाललेली होती, म्हणजे तुमच्या गाडीएवढीच, आणि २००४ मध्ये त्यानं ती कंपनीला परत दिली तेव्हा ४६ लाख किलोमीटर झालेले होते. ती गाडी जर्मनीत स्टुटगार्टच्या म्युझियममध्ये ठेवलीय. आता खरं तेही सांगतो, ते सगळं एका इंजिनवर झालं नाही, तो तीन इंजिन आलटून पालटून वापरायचा, एक गाडीत तर बाकीची दुरुस्तीत. आणि त्याची गाडी साधी होती, तुमच्या गाडीत कॉम्प्युटरच कॉम्प्युटर आहेत, त्यामुळे तेवढी अपेक्षा ठेवू नका. पण सव्वादोन लाख म्हणजे म्हातारपण नव्हे एवढं त्याच्यावरून समजून घ्या. डॉक्टरसाहेबांनी ती बहुतेक यवतमाळ-नागपूर हायवेवरच चालवली असंल, हायवेचे दोन लाख आणि गावातल्या गावात ब्रेक-क्लच करत केलेले दोन लाख यात लय फरक असते.

आता "ट्यूनिंग" या शब्दाचं बोलू, कारण तुमचा अर्धा घोळ तिथंच होऊन राहिला. ॲम्बेसेडर, पद्मिनी होत्या तेव्हा ट्यूनिंग नावाचं खरंखुरं काम होतं, पॉइंटचा गॅप लावा, प्लग घासा, कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून आयडलिंग सेट करा, टॅपेट ॲडजस्ट करा, गाडी हसत घरी जायची. तुमच्या इंजिनात यातलं काहीच नाही. स्पार्क प्लग नाही, कार्बोरेटर नाही, टॅपेट आपोआप ॲडजस्ट होतात, डिझेल किती आणि कधी सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, ठरवतो. मग ट्यूनिंग करणार कशाचं? तुमच्या गाडीला पाहिजे ते मागे राहिलेलं मेंटेनन्स. डॉक्टरसाहेबांची तब्येत बिघडल्यापासून तिच्याकडे कोणाचं लक्ष राहिलं नसंल, त्या दोन-तीन वर्षांत जे तेल बदलायचं राहिलं, जो पाईप कडक झाला, जी जाळी चोंदली, ते सगळं एकदम अंगावर आलंय. आणि चिप म्हणजे काय, तर ईसीयूला सांगायचं की डिझेल जास्त सोड, टर्बोचं, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याचं, प्रेशर वाढव. जुने रबरी पाईप, झटके मारणारा गिअरबॉक्स आणि गरम होणारं इंजिन, यावर जास्त जोर टाकायचा म्हणजे तापातल्या माणसाला नांगराला जुंपायचं. तो विचार डोक्यातून काढून टाका.

पहिला दिवस फक्त पाहण्याचा ठेवा, पैसे काढू नका. गाडी वर्षभर शेडात होती म्हणता, आणि शेडात सरकी-ढेप असंल तर उंदीर असणारच. बोनेट उघडून टॉर्च घेऊन वायरिंगकडे पाहा, इंजिनच्या वरचं प्लास्टिक कव्हर काढून त्याच्याखाली पाहा, तिथे उंदरानं कापूस आणून घर केलेलं मी कितीदा पाहिलं. काचेच्या खाली, वायपरजवळ जी जाळी असते तिथे लिंबाचा पाला साचतो आणि पाणी जायची भोकं बुजतात, मग पावसाळ्यात तेच पाणी इलेक्ट्रिकच्या डब्यांपर्यंत पोहोचतं आणि गाडी भूत लागल्यासारखी वागते. तो पाला हातानं काढा. सनरूफ असंल तर त्याच्या कोपऱ्यातली भोकंही मोकळी पाहिजेत.

बॅटरी डिक्कीत आहे या मॉडेलची, समोर नाही, त्यामुळे लोक तिला विसरतात. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा, साडेबारा व्होल्टच्या वर पाहिजे, आणि इंजिन चालू असताना पावणेचौदा ते साडेचौदाच्या मधात. कमी असंल तर पहिले बॅटरीचंच काम करा, कारण या गाड्यांत व्होल्टेज पडलं की स्क्रीनवर ब्रेकचा, एअरबॅगचा, गिअरचा, कशाचाही मेसेज येते आणि मिस्त्री त्या मेसेजच्या मागे धावत बसते. टायरची तारीख पाहा, साइडवर डीओटीच्या मागे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. नक्षी कितीही चांगली असो, वर्ष जुनं असंल आणि बाजूनं बारीक भेगा असतील तर उन्हाळ्यात त्या टायरवर हायवेला जाऊ नका. आपल्याकडे मे महिन्यात ४५-४६ डिग्री, डांबरी रस्ता त्याहून गरम, उभं राहून कडक झालेलं टायर तिथं टिकत नाही. हवा किती ठेवायची ते डिझेलच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असते. ब्रेक ऑईल दर दोन वर्षांनी बदलायचं असते, तुमचं नक्कीच राहिलं असणार, ते डॉट ४ चं नवीन टाकून घ्या. एक बरं झालं की तुमची गाडी २००७ ची आहे, २००६ च्या मध्यापर्यंतच्या याच मॉडेलमध्ये एसबीसी नावाची इलेक्ट्रिक ब्रेक सिस्टीम होती, तिचा पंप गेला की लय महाग पडते, नंतरच्या गाड्यांत कंपनीनं ती काढून टाकली.

आता गरम होण्याचं पाहू, कारण इंजिनला मारणारी गोष्ट असंल तर हीच आहे. काळा धूर इंजिन मारत नाही, खडखड मारत नाही, पण काटा लाल व्हायला लागल्यावरही "बस घरापर्यंत नेतो" म्हणत नेलेली गाडी हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, वाकवून बसते. असा काटा चढताना दिसला तर एसी बंद करा, हीटर फुल्ल गरमवर लावा, उकडंल पण लावा, आणि सावलीत थांबवा. गरम असताना कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, झाकण उघडू नका, अंगावर वाफ येते.

भाऊ, तुम्ही कापसाच्या मुलखात राहता. जिनिंगच्या रस्त्यानं, कापसाच्या गाड्यांच्या मागून रोज गाडी चालली की हवेतली रुई समोरच्या जाळीत जाते. सगळ्यात समोर एसीचं कंडेन्सर आणि त्याच्या मागे रेडिएटर, या दोघांच्या मधात बोटभर जागा असते, त्या जागेत रुई आणि काळ्या मातीची धूळ बसून गादीसारखा थर तयार होते. समोरून पाहिलं तर कंडेन्सर साफ दिसते, मिस्त्री म्हणते रेडिएटर चांगलं आहे, आणि हवा तर आरपार जातच नाही. हिंगणघाटला माझ्या गॅरेजमध्ये दर दिवाळीनंतर अशा गाड्या येतात, आम्ही वरची पट्टी खोलून दोघांना थोडं वेगळं करतो, आतून थर ओढून काढतो तर पंजाभर रुई निघते. नंतर पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूनं समोर, आणि साध्या नळीनं, सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या प्रेशरनं नाही, त्या प्रेशरनं पातळ पाट्या आडव्या होतात आणि मग कायमची हवा बंद. एवढ्या एका कामानं कितीतरी गाड्यांचा काटा खाली आलेला मी पाहिला. त्याच वेळी एसी लावून समोरचा इलेक्ट्रिक पंखा फिरते का, वेग वाढते का, ते पाहून घ्या.

आणि पाणी. बोअरचं पाणी टाकू नका. आपल्या भागातलं बोअरचं पाणी इतकं खारं की चहाच्या भांड्यात पांढरा थर बसते, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसते. डब्यावर एमबी ३२५.० (एमबी म्हणजे मर्सिडीज-बेंझचा स्वतःचा दर्जा-नंबर) लिहिलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, अर्धं-अर्धं, आणि आधीचं सगळं काढून.

अजून एक सवय आपल्याकडे आहे जिचा मला मनापासून राग आहे. उन्हाळा आला की मिस्त्री म्हणतात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, काढून टाका, इंजिन थंड राहील. तो काढला की गाडी हायवेवर थंडीच्या दिवसांत ६०-७० वरच फिरते, ईसीयूला वाटते इंजिन अजून गरमच झालं नाही, तो डिझेल जास्त सोडते, ॲव्हरेज पडते, ऑईलमध्ये ओलावा राहते आणि त्याचा चिखल होते. थर्मोस्टॅट खराब असंल तर नवीन लावा, काढून फेकू नका. तुमच्या गाडीत आहे की आधीच कोणी काढला ते तपासा, सकाळी थंड इंजिनवर चालू करून पाहा, ८०-९० पर्यंत काटा किती वेळात येतो आणि तिथं थांबतो का.

आता पिकप आणि काळा धूर. इथं मला माझीच एक गोष्ट सांगायची आहे. बरीच वर्षं झाली, वर्ध्याकडच्या एका शेतकऱ्याची अशीच डिझेल गाडी माझ्याकडे आली, पिकप नाही, काळा धूर. मी स्कॅनर लावला, इंजेक्टरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या पार्टचा, कोड आला, मी चारही इंजेक्टर बदलायला सांगितले. त्यानं तूर विकून पैसे आणले. इंजेक्टर बदलले, गाडी तशीच. तीन दिवसांनी मला दिसलं की टर्बोकडून इंटरकूलरला, म्हणजे ती हवा थंड करणाऱ्या जाळीला, जाणारा रबरी पाईप खालच्या बाजूनं फाटलेला होता, वरून दिसतच नव्हता. त्या माणसानं मला शब्दानंही दोष दिला नाही, पण मी ते विसरलो नाही. तेव्हापासून माझा नियम आहे, पहिले हवा, मग डिझेल.

काळ्या धुराचा अर्थ साधा आहे, डिझेल जेवढं गेलं तेवढी हवा पोहोचली नाही. म्हणून एअर फिल्टर काढून पाहा, आपल्या धुळीत तो पुस्तकात लिहिलंय त्याच्या अर्ध्या किलोमीटरमध्येच भरते. मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इंजिनपर्यंतचे सगळे रबरी पाईप हातानं दाबत चला, जिथे ऑईल झिरपून धूळ चिकटलेली दिसंल तिथे हवा लीक आहे. रेस केल्यावर शिट्टीसारखा किंवा फर्र आवाज आला तर तीच जागा. मग एअर मास सेन्सर, तो धुळीनं चुकीचं रीडिंग देते. मग ईजीआर, म्हणजे जळलेला गॅस परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, आणि मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरना हवा वाटणारा पाईप, दोन लाखाच्या वर चाललेल्या डिझेलमध्ये तिथे काळा गाळ बसलेला असतोच, तो काढायला दिवसभर लागते पण गाडी मोकळा श्वास घेते. एवढं झाल्यावरही धूर राहिला तर मग इंजेक्टरकडे वळा, आणि तेव्हाही अंदाजानं नाही. लीक-ऑफ टेस्ट म्हणून असते, चारही इंजेक्टरच्या रिटर्न नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या, थोडा वेळ इंजिन चालू ठेवायचं आणि कोणत्या बाटलीत जास्त डिझेल आलं ते पाहायचं. एकाच बाटलीत दुप्पट-तिप्पट आलं तर एकच इंजेक्टर खराब आहे, चार नाही. ही टेस्ट न करता जो चार इंजेक्टर सांगते त्याला बाटल्या दाखवायला सांगा.

सकाळचा फुस-फुस आवाज वेगळा. इंजेक्टरच्या खाली तांब्याचं वायसर असते, ते सैल झालं की जळलेला गॅस बाजूनं वर येते, आधी फुस-फुस वाजते आणि मग वर डांबरासारखा काळा दगड बसत जाते. लवकर सापडलं तर काम छोटं आहे, इंजेक्टर काढा, बैठक कटरनं साफ करा, नवीन वायसर टाका आणि दाबून धरणारा बोल्ट नवीनच लावा, तो बोल्ट ताणला जाणारा असते, जुना परत वापरला की सहा महिन्यांत परत तेच होते. उशीर झाला तर इंजेक्टर हेडमध्ये अडकून बसते आणि मग तो काढायला खरोखर हजारो रुपये जातात. म्हणून तुमच्या सहा त्रासांत कूलिंगनंतर दुसरा नंबर याचाच ठेवा. आणि भाऊ, तुमच्या गावच्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला ही कॉमन रेलची, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पोहोचवणारी, लाईन चालू इंजिनवर ढिली करून "एअर काढू" देऊ नका. ट्रॅक्टरमध्ये चालते, इथे लाईनमध्ये १,६०० बारपर्यंत प्रेशर असते, त्या धारेनं कातडी फाडून डिझेल आत जाते. ग्लो प्लगचंही, म्हणजे थंड इंजिन स्टार्ट करायला आतून गरम करणाऱ्या प्लगचंही, तसंच, ते हेडमध्ये गंजून धरलेले असतात, गरम इंजिनवर हळूहळू काढायचे, जोर लावला की तुटून आत राहतात. सकाळी स्टार्टला त्रास नसंल तर सध्या त्यांना हात लावू नका.

डिझेल फिल्टर मात्र लगेच बदला, वर्षभर टाकीत पडलेल्या डिझेलमध्ये पाणी धरलेलं असू शकते, जुनं डिझेल काढून चांगल्या पंपाचं भरा, आणि यापुढे ड्रमातलं डिझेल या गाडीत टाकू नका.

हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन अर्धं खोलून आतलं काम करण्याचं, म्हणाल तर त्याला उत्तर देणारी टेस्ट आहे, कम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं, ती करून कागदावर चारही सिलिंडरचे आकडे लिहून द्या म्हणा. चारही जवळजवळ सारखे आणि कंपनीनं दिलेल्या कमीत कमी आकड्याच्या वर असतील तर इंजिन खोलायचा प्रश्नच नाही. घरच्या घरी एवढं पाहा, गरम इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण काढून उलटं ठेवा, थोडी हवा येणारच, पण झाकण उडून पडत असंल आणि निळा धूर येत असंल तर विचार करावा लागंल. आणि ऑईल किती खाते ते मोजा, आज लेव्हल पाहा आणि हजार किलोमीटरनं परत पाहा. निळा धूर नाही, ऑईल खात नाही, तर हाफ इंजिन कशासाठी?

ऑईल बदलताना डब्याच्या मागे एमबी २२९.३ किंवा २२९.५ लिहिलेलं आहे का ते पाहा, ५डब्ल्यू-४० आपल्या उन्हाळ्याला बरं पडते. मी जुन्या गाडीला आठ हजारांवर बदलायला सांगतो, पंधरा हजारांची वाट पाहू नका, आणि वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचं तर किलोमीटर न पाहता आजच बदला.

गिअरबॉक्सचा झटका. तुमच्यात पाच गिअरचा ऑटोमॅटिक आहे, दणकट आहे, पण याचं तेल "आयुष्यभर चालते" असं आधी सांगितलं जायचं आणि त्या एका वाक्यानं कितीतरी चांगले गिअरबॉक्स खराब झाले. डॉक्टरसाहेबांच्या बिलांच्या फाईलमध्ये एटीएफ, म्हणजे हेच गिअरबॉक्सचं तेल, बदलल्याची नोंद शोधा, काकूंकडे फाईल असंलच, जुने लोक बिलं फेकत नाहीत. नोंद नसंल तर पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं ताट, खोलून फिल्टर, पॅकिंग आणि तेल, तिन्ही एकत्र. पॅनच्या तळाशी चुंबक असते, त्याच्यावर बारीक पिठासारखं काळं असंल तर चालते, चमकणारे तुकडे असतील तर त्याचा फोटो काढून ठेवा. गिअरबॉक्सच्या बाजूला वायरिंगचा एक गोल प्लग असते, त्याचे रबर रिंग जुने झाले की तेल त्यातून झिरपते आणि वातीत तेल चढावं तसं वायरीच्या आतून चढत चढत थेट कंट्रोल युनिटपर्यंत जाते, मग गाडी एकाच गिअरमध्ये अडकते आणि लोक म्हणतात गिअरबॉक्स गेला. प्लग स्वस्त आहे, पॅन उघडलेलाच आहे तर बदलून टाका.

आणि तेलाची लेव्हल मोजायला या गाडीत काडी दिलेली नाही, फक्त नळी आहे, वर्कशॉपची काडी घालून तेल ८० डिग्रीला गरम असताना मोजावी लागते. थंड गाडीत अंदाजानं ओतून देणाऱ्याकडे हे काम देऊ नका, कमी आणि जास्त दोन्ही वाईट. तेल काढल्यावर ते गुलाबी दुधासारखं दिसलं तर थांबा, कारण गिअरचं तेल थंड करायची नळी रेडिएटरच्या आतून जाते, ती आतून फुटली की कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरते. मग पहिले रेडिएटर बदलायचं आणि मगच नवीन तेल. तुमच्याकडे काटाही चढते आणि झटकाही मारते, म्हणून हे तपासायला मी मुद्दाम सांगून राहिलो.

समोरची खडखड ऐकून बहुतेक लोक शॉक ॲब्सॉर्बर बदलतात, पण पहिले लिंक रॉड पाहा, मग खालचे बॉल जॉइंट, मग चाक धरणाऱ्या आर्मचे रबरी बुश. जे बदलाल ते डाव्या-उजव्या जोडीनं. आणि बुशचा बोल्ट शेवटचा कसायचा तो गाडी चाकावर उभी असताना, जॅकवर लटकलेली असताना नाही, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेत घट्ट होते आणि खाली टेकवल्यावर कायम ताणात राहून वर्षभरात फाटते. शंभरात नव्वद मिस्त्री हे चुकतात आणि मग पार्ट डुप्लिकेट होता म्हणतात. पावसाळ्यात शेताच्या रस्त्यानं नेली तर चाकाच्या आतल्या बाजूची काळी माती त्याच दिवशी धुवा, ती वाळली की दगड होते आणि बॉल जॉइंटचे रबर कापते.

पार्ट घेताना आरसीवरचा सतरा आकड्यांचा चेसिस नंबर द्या आणि त्यावरूनच घ्या, "ई क्लासचं आहे" एवढ्यावर नको. बॉश, माहले, लेमफर्डर यांसारख्या, गाडी कंपनीला पार्ट देणाऱ्यांचे पार्ट बाहेर मिळतात, डब्बा वेगळा पण दर्जा तोच आणि शोरूमपेक्षा बरेच स्वस्त. अर्ध्या किमतीत नवाकोरा म्हणून मिळते ते घेऊ नका. इंजेक्टर आणि गिअरबॉक्सच्या कामाला नागपूरला जा, दीडशे किलोमीटर आहे, ज्याच्याकडे या गाडीचा खरा स्कॅनर आहे त्याच्याकडे जा. बाकी कूलिंग, ऑईल, फिल्टर, लिंक रॉड हे पांढरकवड्यातला चांगला मिस्त्रीही करंल, तुम्ही बाजूला उभे राहा.

कागदाचं विसरू नका. २००७ ची गाडी म्हणजे २०२२ मध्ये १५ वर्षं पूर्ण झाली, आरसीचं नूतनीकरण झालंय का पाहा, ते पाच वर्षांसाठी असते, म्हणजे झालं असंल तरी २०२७ मध्ये परत करावं लागंल. तेव्हा गाडी २० वर्षांची होईल आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारची ही फी १०,००० रुपये आहे, त्याआधी ५,००० होती. "पंधरा वर्षं झाली की भंगारातच द्यावी लागते" हे जे तिसरा मिस्त्री सांगून राहिला ते खरं नाही, दहा-पंधरा वर्षांची ती बंदी दिल्लीकडची आहे, इथे फिटनेस पास झाली तर गाडी चालते. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पीयूसी, आणि काकांच्या नावावरून तुमच्या नावावर ट्रान्सफर, वारसाचे कागद लागतील, हे काकू आहेत तोवर त्यांच्यासोबत आरटीओत जाऊन करून घ्या. गाडी काकांच्या नावावरच राहिली आणि उद्या कुठे ठोकली तर विम्याचा लय त्रास होते.

पैशाचं. दोन लाखाचा एकदम खर्च करायच्या ऐवजी पहिल्या महिन्यात कूलिंग, इंजेक्टरचे वायसर, ऑईल-फिल्टर, बॅटरी, ब्रेक ऑईल. दुसऱ्या महिन्यात हवेचे पाईप आणि ईजीआर, एटीएफ. समोरचे बुश आणि टायर कापूस विकल्यावर. आणि यापुढे दर वर्षी साठ-सत्तर हजार या गाडीच्या नावानं बाजूला ठेवायची तयारी असंल तरच ठेवा, हे मी स्पष्ट सांगतो, कारण गाडी जुनी झाली तरी पार्ट नव्या मर्सिडीजच्याच भावात येतात. बोलेरोच्या खर्चात ती चालणार नाही. एक वही करा, तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले, कोणी केलं. दोन वर्षं सलग तेवढ्याहून खूप जास्त जात असंल, किंवा खालून पाहिल्यावर चेसिसला गंज खात गेलेला दिसला, किंवा पॅनमध्ये धातूचे तुकडे निघाले, तर मग विका, मी तुम्हाला थांबवणार नाही. घरात लग्न आहे, विहिरीचं काम आहे, पोट्ट्यांची फी आहे, तर त्याच्या आधी ही गाडी येत नाही. डॉक्टरसाहेबांनीही तुम्हाला तेच सांगितलं असतं असं मला वाटते.

पण आज विकू नका, कारण आज गरम होणारी, धूर सोडणारी गाडी तुम्हाला भंगाराच्या भावात द्यावी लागंल, आणि घेणारा रुई काढून, दोन पाईप बदलून महिन्याभरात दुप्पट भावात विकंल.

वेचणी सुरू व्हायच्या आधी रेडिएटरचं काम उरकून घ्या. नंतर लीक-ऑफच्या चार बाटल्यांचा फोटो, सकाळच्या पहिल्या स्टार्टचा आवाज आणि पॅनच्या चुंबकाचा फोटो, एवढं मला पाठवा. फाईलमध्ये एटीएफची जुनी नोंद सापडली तर तिची तारीख आणि किलोमीटरही लिहा, मग गिअरबॉक्सचं पुढे काय करायचं ते ठरवू. काकूंना माझा नमस्कार सांगा.